फुलाबाईच्या कच्च्या बिया

फुलाबाई,

तू असतीस तर आज शंभरीच्या पुढे असतीस, तेव्हा हे पत्र तुला पोचणार नाही हे मला कळतं. मला वेड लागलेलं नाही. आणि असतीस तरी तुला अक्षरओळख नव्हती. कुणाकडून तरी वाचून घेतलं असतंस आणि दर चार ओळींनी "ह्ये असं न्हवतं झालं" म्हणून वाचणाऱ्याला अडवलं असतंस. आता अडवणारं कुणी नाही, म्हणून मीच जपून लिहिते.

लिहायचं कारण ऐक. परवा माझ्या नातसुनेनं पोरीच्या उवांसाठी दुकानातून बाटली आणली. बाटलीवर सीताफळाचं चित्र. मी म्हटलं, हे तर आमच्या फुलाबाईचं. ती म्हणाली, कोण फुलाबाई? मला राग आला. तिचा नाही, माझाच. इतक्या वर्षांत मी तुझं नाव घरात एकदाही नीट घेतलं नव्हतं.

तर आता घेते. या गोष्टीतली विजयमाला म्हणजे मी, पण मी तिला "ती"च म्हणणार आहे, आणि तुझंही नाव घेऊनच बोलणार आहे. "मी" म्हटलं की माणूस कागदावर उगाच शहाणा दिसायला लागतो, आणि त्या आठवड्यात शहाणी तू होतीस.

सोलापूरला भवानी पेठेत, हातमागांच्या खटखटाटाच्या ऐन मध्यात, मुलींचं एक वसतिगृह होतं. बावीस मुली, एक विहीर, एक लिंबाचं झाड आणि एक अधीक्षिका. तिथं फुलाबाई पाणी भरायची आणि भांडी घासायची. मूळची नातेपुत्याकडची, धनगराची. नवरा धुळा पेठेतल्याच एका व्यापाऱ्याच्या लोकरीच्या वखारीत कामाला लागला, तेव्हा मेंढरं दिरांच्या हवाली करून दोघं शहरात आली. येऊन सात वर्षं झाली तरी बाईचा आवाज माळावरचाच राहिला. "पोरींनू, पाणी आलं," असं ती अंगणात म्हणायची आणि शेजारच्या गल्लीतले विणकर माग थांबवून बघायचे. मुली जेवायला बसल्या की दारात उभी राहून ती जिभेनं टक टक करत सगळ्यांना मोजायची. मग "बावीस, भरली" असं स्वतःशीच म्हणून कामाला लागायची. मेंढरं मोजून झाल्याशिवाय तिच्या माहेरी कुणी जेवत नसे, तीच सवय.

अधीक्षिका रंभाबाई वाईट नव्हत्या. फक्त त्यांची अशी समजूत होती की जगातली कोणतीही अडचण सूचनाफलकावर लिहिली की सुटते. एकोणीसशे तेहतीस सालच्या आश्विनात, दसरा होऊन चार दिवस झाले असतील, सकाळच्या प्रार्थनेत पुढच्या रांगेतल्या मुलीच्या पांढऱ्या पोलक्यावरून एक ऊ सगळ्यांदेखत चालत खांद्यापर्यंत गेली. रंभाबाईंनी प्रार्थना पुरी होऊ दिली. मग एकेकीचं डोकं पाहिलं. बावीसच्या बावीस. उन्हाळ्यात रॉकेल लावून बघितलं होतं. मुलींच्या डोक्याला फोड आले आणि लिखा जागच्या हलल्या नाहीत. तेव्हा या वेळी दुपारी फलकावर अक्षरं उमटली: येत्या सोमवारी सर्व विद्यार्थिनींचे केस कापण्यात येतील.

बाकीच्या मुली रडल्या. विजयमाला रडली नाही, कारण तिला एकदम पुढचं सगळं दिसलं. ती मोडनिंबची, हिंदुरावांची मुलगी, वय वर्षं तेरा, वेणी गुडघ्याला टेकणारी. हिंदुरावांनी आपल्या आईशी वर्षभर भांडून तिला इंग्रजी शाळेत घातलं होतं आणि आजीनं शेवटी एका अटीवर मान हलवली होती: पोर जशी जाईल तशीच परत येईल. आता तोकड्या केसांची पोर दिवाळीला मोडनिंबच्या वेशीतून आत आली की बायका आधी विचारणार, घरात काय झालं? मग विचारणार, हिचं लग्न कसं जमायचं? तिसऱ्या प्रश्नाची वेळच येणार नाही, कारण तोवर पाटीपुस्तक माळ्यावर गेलेलं असेल.

ती विहिरीमागे जाऊन बसली. तिथं फुलाबाई राखेनं परात घाशीत होती.

"कुणी मारलं का बाय?"

"केस कापणार आहेत."

"कुणाचं?"

"सगळ्यांचे. सोमवारी न्हावी येणार."

फुलाबाईनं हातावरची राख झटकली. "मेंढराची लोकर कातरत्यात, त्येचं घोंगडं तरी हुतं. तुमच्या केसाचं बाई काय इणणार हायती?"

विजयमालाला हसू आलं नाही. "मावशी, माझी शाळा बंद होईल. आजी परत पाठवायची नाही."

"कशापायी ह्ये? उवांपायी?"

"हो."

"उवाच की ह्या. लांडगा हाय व्हय?" असं म्हणत फुलाबाई उठली, ओले हात लुगड्याला पुसले आणि तशीच रंभाबाईंच्या खोलीच्या उंबऱ्यावर जाऊन उभी राहिली. विजयमाला मागे, दाराआड.

"बाई, मला सोमवारपातूर येळ द्या. उवा काढती."

रंभाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "कशानं?"

"सीताफळाच्या बियांनी. आमी मेंढरांना लावतो. कोकराच्या अंगावर ऊ ऱ्हात न्हाय."

"मुली म्हणजे कोकरं नव्हेत फुलाबाई. आणि ते औषध डोळ्यात गेलं तर डोळे जातात असं मी ऐकलंय."

"जात्यात की. म्हणून डोळं बांधायचं. कोकराचं बांधतो, पोरींचं न बांधाय काय झालं?"

"आणि उवा नाही मेल्या तर?"

फुलाबाईनं अंबाड्याला हात लावला. "तर न्हाव्याम्होरं पयल्यांदा मी बसती. मग पोरी."

ती थट्टा करत नव्हती. रंभाबाईंनाही ते दिसलं. त्यांनी फलकावरचं काही पुसलं नाही, पण "सोमवारपर्यंत" एवढं बोलल्या.

हंगाम ऐन भरात होता. तुळजापूरच्या डोंगराकडून सीताफळांच्या गाड्या येत, आणि त्यातली उकललेली, पिचलेली फळं मंडईत कुणी घेत नसे. धुळा आणि फुलाबाई दोघांनी मिळून तसल्या फळांच्या तीन पाट्या डोक्यावरून आणल्या. दुपारी अंगणात बावीस मुली गोल बसल्या, मध्ये मोठी परात, आणि फुलाबाई कमरेवर हात ठेवून उभी.

"गर तुमचा, बी माजी. चावायची न्हाय, फोडायची न्हाय. आख्खी थुकायची, हितं परातीत. जी गिळंल तिला काय हुनार न्हाय, पर माजी एक बी जाईल."

अशी शिस्तीची आज्ञा त्या वसतिगृहात त्याआधी कधी इतकी मनापासून पाळली गेली नसेल. बोटं, कोपर, पोलकी, सगळं चिकट. लांबून परातीत नेम धरायची स्पर्धा लागली. खोलीच्या पडद्याआड रंभाबाई एकट्या चमच्यानं खात होत्या असं एकीनं पाहिलं, आणि थोड्या वेळानं खरोखर बशीत नीट मांडलेल्या एकोणीस बिया बाहेर आल्या.

काळ्याभोर बिया धुऊन फुलाबाईनं माडीवरच्या ओसरीत घोंगड्यावर पसरल्या. विजयमाला म्हणाली, गच्चीवर ऊन आहे, तिथं लवकर वाळतील.

"उन्हात न्हाय. उन्हानं तिची धार जाती. सावलीलाच वाळवायची, सासू सांगायची."

ही गोष्ट तिनं विजयमालाला सांगितली. काशम्माला सांगितली नाही. सगळा घोटाळा तिथं झाला.

काशम्मा ही स्वयंपाकीण, अक्कलकोटकडची, बोलताना अर्धी कानडी. तिच्या हातच्या शेंगांच्या चटणीसाठी गावातल्या मुली वसतिगृहातल्या मुलींशी मैत्री करायच्या, आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं. ती फुलाबाईला "फुलव्वा" म्हणायची. दोघींचं दिवसभर वाजायचं आणि एकीला ताप आला की दुसरी जेवायची नाही. गुरुवारी सकाळी काशम्मानं पाहिलं की फुलव्वा दगडानं एकेक बी फोडतेय आणि टणक साल उडून भिंतीला लागतेय. मग फुलाबाई डोळे बांधायला मऊ चिंध्या आणायला म्हणून वखारीकडे गेली. काशम्माच्या मनात माया दाटली. तिनं सगळ्या बिया तव्यावर घेतल्या. तीळ, जवस, कारळ, शेंगदाणे, आयुष्यात कुठलीही बी तिनं भाजल्याशिवाय कुटली नव्हती. न भाजता कुटणं तिच्या लेखी न धुता शिजवण्यासारखं होतं. मंद आचेवर एकसारख्या परतल्या, सालं सुटली, पाखडून काढली, उखळात कुटून वस्त्रगाळ पूड केली. त्याच दिवशी शेंगांची चटणीही होती, त्यामुळे सगळ्या घराला एकच वास.

फुलाबाई परत येऊन बघते तो पातेलंभर पूड तयार.

"काशम्मा, तुज्या हाताला बळ हाय बाई."

"हौदु," काशम्मा म्हणाली, म्हणजे होय. आणि भाकरी थापायला वळली. केलेल्या उपकाराचा पाढा वाचायची तिला सवय नव्हती. त्या एका दिवशी असती तर बरं झालं असतं.

पूड करडईच्या तेलात कालवून त्याच दुपारी बावीस डोक्यांना लागली. शुक्रवारी सकाळी न्हाणं झालं, फण्या निघाल्या. फणीच्या दातांतून उवा चालत बाहेर आल्या. तेल पिऊन त्या पूर्वीपेक्षा तुकतुकीत दिसत होत्या. रंभाबाईंनी एक फणी हातात घेतली, उजेडात धरली, परत दिली. मग फलकाजवळ गेल्या आणि "सोमवारी" या शब्दावरून पुन्हा एकदा खडू फिरवला.

त्या दिवशी जेवताना फुलाबाईनं मुली मोजल्या नाहीत. दारात आली, उभी राहिली, गेली. विजयमालानं हातातला घास ताटात परत ठेवला. केस, शाळा, हे सगळं तर होतंच. पण तिच्यापायी ही बाईसुद्धा न्हाव्यापुढे बसणार होती आणि बसलीच असती. दिलेला शब्द गिळणाऱ्यातली ती नव्हती.

जेवण झाल्यावर ती विहिरीवर गेली. फुलाबाई उरलेल्या पुडीचं पातेलं मांडीवर घेऊन बसली होती.

"मेंढरावर चालतं आन् पोरींवर न्हाय, असं कसं?"

"मावशी, माणसाच्या उवा वेगळ्या असतील."

"आमच्यातल्या बायका काय मेंढरं हायत? त्याबी लावत्यात की." तिनं चिमूटभर पूड नाकाशी नेली आणि भुवया आवळल्या. "विजे, ह्याचा वास बघ. मला काल शेंगांच्या वासात काय कळंना झालं."

विजयमालानं वास घेतला. खमंग. "चटणीसारखा आहे."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग दोघींनी स्वयंपाकघराकडे पाहिलं.

काशम्मा तांदूळ निवडत होती.

"काशम्मा, बिया कशा कुटल्यास?"

"भाजून."

"भाजून?"

"मग? कच्ची बी कोण कुटतं का? मंद जाळावर भाजली, एक करपू दिली नाही. तू आपली दगडानं फोडत बसली होतीस, मला बघवेना."

"अगं, मारायचं हुतं उवांना. तू त्यास्नी चटणी करून घातलीस व्हय?"

काशम्माच्या हातातलं सूप थांबलं. फुलाबाई क्षणभर तिच्याकडे रोखून पाहत राहिली, आणि तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. आता भांडण पेटणार म्हणून विजयमाला मागे सरकली, तर बाई हसत होती. आवाज न करता, पदर तोंडात धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "वर भाकरी मागितली न्हाय त्यांनी, ह्येच नशीब माजं."

"फुलव्वा, मला काय माहीत," काशम्मा म्हणाली, आणि तिचे डोळे खरंच भरले.

पण विजयमाला हसली नाही आणि रडलीही नाही. तिला शंका आली. भाजल्यामुळेच बिघडलं हे कशावरून? बियाच यंदा कुचकामी निघाल्या असतील तर? पुन्हा तेच केलं आणि पुन्हा फसलं तर सोमवार येऊन उभा. शनिवारी सकाळी तिनं घोंगडं झटकलं तर त्याच्या केसांत अडकलेल्या अकरा कच्च्या बिया निघाल्या. त्या फुलाबाईनं फोडून, कुटून दिल्या. दोन पितळी वाट्या घेतल्या: एकीत भाजलेली पूड तेलात, दुसरीत कच्ची पूड तेलात. मग मुलींकडे उवांची वर्गणी मागितली. असली वर्गणी मुलींनी आनंदानं दिली, काहींनी दोनदा. मोजून दहा या वाटीत, दहा त्या वाटीत, वर फडकं बांधलं.

दुपारच्या जेवणाला फडकी सोडली. भाजलेल्या वाटीत दहाही जणी कडा चढायच्या खटपटीत. कच्च्या वाटीत दहाही निपचित.

मागे रंभाबाई कधी येऊन उभ्या राहिल्या ते कुणाला कळलं नाही. त्या वाकल्या, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावून दोन्ही वाट्या पाहिल्या.

"हे कुणी केलं?"

"मी, बाई."

"दोन वाट्या कशाला?"

"एकच ठेवली असती तर उवा बियांनी मेल्या की तेलानं, ते कळलं नसतं."

रंभाबाईंनी तोंड दुसरीकडे केलं. ते हसू लपवायला होतं असं विजयमाला पुढं साठ वर्षं मानत आली. "सोमवार हा सोमवारच राहील," त्या म्हणाल्या. "पण उद्याचा दिवस तुमचा."

आता बिया हव्या होत्या, आणि सावलीत वाळवायला तीन दिवस नव्हते. फुलाबाईच्या सासूनं ओल्या बिया कधी वाटल्या नव्हत्या. हंगाम संपला की वर्षभर पुरायच्या म्हणून त्या वाळवायच्या, एवढंच तिला ठाऊक होतं. ओलीला तीच धार असेल का, हे सांगणारं सोलापुरात कुणी नव्हतं. "झाडावर काय ती वाळवून ठिवलेली असती व्हय?" असं ती दोनदा बोलली, आणि दुसऱ्यांदा बोलताना तिचा तिलाच धीर आला. पुन्हा मंडई, पुन्हा तीन पाट्या, पुन्हा गोल. पहिल्या दिवशी फळासाठी भांडलेल्या मुली या वेळी चौथ्या फळाला नाकं मुरडत होत्या. "खावा गं," फुलाबाई दटावत होती, "गोड मानून खावा, केसाच्या बदल्यात हाय."

वाटायला काशम्मा बसली. आपणहून बसली. पाट्यावर ओल्या, कच्च्या बियांचा लगदा वरवंट्याखाली चरचर वाजत होता आणि तिच्या चेहऱ्यावर बिनमिठाचं रांधायला लावल्याचं दुःख होतं. फुलाबाई शेजारी उकिडवी. "चूल इझीव काशम्मा. तुजा भरवसा न्हाय."

"विझली आहे गं यव्वा, माझे आई. तू माझ्या हाताकडे बघू नको, माझा हात अडतो."

रविवारी सकाळी ओसरीत बावीस मुली ओळीनं भिंतीला टेकून बसल्या, सगळ्यांच्या डोळ्यांवर चिंध्या घट्ट बांधलेल्या. हात मांडीखाली. "डोळ्याला हात नेणारीला मी विहिरीत सोडीन," असं फुलाबाईनं सांगितलं होतं आणि तिच्या आवाजामुळे ते सगळ्यांना खरं वाटलं. जिच्या डोक्याला खाजवून जखम झाली होती तिची ती जागा तिनं हळदीनं झाकली आणि वगळली. एकेकीचं डोकं झालं की ती गेरूचं बोट तिच्या कानाच्या पाळीला लावायची. मेंढरांत असंच करतात, कुणाला औषध लागलं, कुणाला राहिलं, चुकायला नको म्हणून.

विजयमालाचे केस शेवटी घेतले. तेवढ्या केसांना वेळ लागणार होता. काळोखात बसलेल्या त्या मुलीला अचानक विचार सुचला.

"मावशी, सीताफळाच्या झाडाला उवा होतात का?"

"झाडाला कुटल्या उवा?"

"मग ते उवांचं औषध कशाला करतं?"

फुलाबाईची बोटं केसांत चालतच होती. "तुज्यासाठी न्हाय बाय ते करत. त्येचं त्येच्यासाठी हाय. मेंढरू पळतं, कुत्रं चावतं. झाडाला पाय न्हायत, दात न्हायत. मग किडा आला, जनावर आलं, त्येनं काय करायचं? कडू व्हायचं. शेळी बघितलीस का? बाभळीचा काटा चघळती, निवडुंग कुरतडती, लिंबाचा पालाबी खाती. पर सीताफळीखालनं चालली तर मान वळवत न्हाय. शेळी ज्याला त्वांड लावत न्हाय ते झाड आमी धेनात ठिवतो. त्येच्या आंगात काय तरी हाय."

"पण फळ तर गोड असतं."

"गर गोड. गर दुसऱ्याला हाय, पाखराला, तुला. खावा आन् बी लांब नेऊन टाका. बी त्येचं पोर. पोराला कुणी चावू नाय म्हणून सगळं कडू तितं नेऊन ठिवतं. वर टणक साल. आख्खी गिळली तर तुला काय करत न्हाय, फोडलीस तर मग त्ये सोडत न्हाय." ती थांबली, दोन्ही हातांनी शेपटा उचलून त्याची टोकं माखली. "कवळ्या बीत न्हाय एवढं. फळ पिकतं तसं बीत उतरतं. आन् मुरमाड रानातली, पाऊस कमी पडल्याली बी जास्त जहर. झाड उपाशी असलं की जास्त चिडतं, माणसासारखं."

चिंधीखाली विजयमालाला ते झाड दिसत होतं: जागच्या जागी उभं, तोंडानं काही न बोलता, मुळांनी मुरमातून काय काय ओढून घेऊन आपल्या पोरांसाठी विष रांधत बसलेलं. तेही चुलीशिवाय.

दुपारी शिकेकाईनं न्हाणं झालं. पांढऱ्या धोतरावर डोकी विंचरली. धोतरावर जे पडलं ते निपचित पडलं, हललं नाही. फुलाबाईनं धोतर चारी कोपऱ्यांनी उचलून काशम्मापुढे धरलं. "बघ. ह्येला म्हनत्यात कच्चं." काशम्मानं नाक दाबून पाहिलं आणि प्रथमच मान्य केलं की सगळ्याच गोष्टी भाजायच्या नसतात.

सोमवारी न्हावी धोकटी घेऊन आला आणि लिंबाखाली बसला. रंभाबाईंनी बारीक फणी घेऊन बावीस डोकी तपासली, एकेकीला पाव पाव तास. शेवटी विजयमाला. तिच्या वेणीचे तीन पेड सोडून, उलटेपालटे करून पाहिले. मग उठल्या, फलकाजवळ गेल्या, आणि ओल्या फडक्यानं सबंध फलक पुसला. "अंडी राहिली असतील," मागे न बघता म्हणाल्या.

"आठ दिसांनी पुन्यांदा हात देती, बाई," फुलाबाई म्हणाली.

न्हाव्याला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं म्हणून वखारीतून धुळाला बोलावून त्याची आठ दिवसांची दाढी करवली. बावीस मुली भोवती उभ्या राहून बघत होत्या. बिचारा लाजेनं अर्धा झाला. जेवताना दारातून टक टक ऐकू आलं आणि "बावीस, भरली" इतक्या जोरात आलं की गल्लीतले माग थांबले.

दिवाळीला हिंदुराव न्यायला आले. आजीनं वेशीतच नातीची वेणी हातात धरून पाहिली, मग सोडली. शाळा चालू राहिली.

पाच वर्षांनी विजयमाला मॅट्रिक झाली आणि पुण्याला कॉलेजात निघाली, रसायनशास्त्र घ्यायला. त्या दोन वाट्यांनंतर तिला दुसरं काही घ्यावंसं वाटलं नाही. निघायच्या सकाळी फुलाबाई वसतिगृहाच्या फाटकाशी आली. तिनं कनवटीतून कागदाच्या दोन पुड्या काढल्या.

"ही कच्ची, ही भाजल्याली. भाजल्याली काशम्माकडनंच भाजून घेतली, तिच्यावानी कुणाला जमंल? दोन्ही मी तागडीत घालून बघितल्या. भाजल्याली जरा हलकी भरती, पाणी जातं म्हणून आसंल. पर पाणी काय उवा मारत न्हाय. मग भाजल्यावर तितनं गेलं काय? एवढं तुज्या मास्तराला इचारून ये. आन् झाड ते कशापास्नं करतं तेबी. दिवाळीला आलीस की सांग."

"सांगते," विजयमाला म्हणाली.

पुण्याला वर्गात चाळीस मुलगे आणि ती एक. प्रयोगशाळेत तिनं काचेची नळी उचलली तरी चाळीस माना वळायच्या. अशा ठिकाणी प्राध्यापकांच्या टेबलावर उवांच्या औषधाच्या पुड्या ठेवायची तिला लाज वाटली. लाज, दुसरं कारण नाही. दिवाळीत फुलाबाईनं विचारलं, "इचारलंस?" तिनं सांगितलं, पुढच्या खेपेला. उन्हाळ्यात पुन्हा पुढच्या खेपेला. फुलाबाई दर वेळी "बरं की" म्हणायची आणि तिचे केस हातात घेऊन बघायची.

दुसऱ्या वर्षी दिरांनी मेंढरं वाटून दिली आणि फुलाबाई-धुळा नातेपुत्याला परत गेली, हसत, कळप हाकत. जाताना काशम्मापाशी निरोप ठेवून गेली: विजीकडनं उत्तर आलं की नातेपुत्याला सांगून धाड.

ट्रंकेच्या तळाशी पुड्या पडून राहिल्या. पुढं विजयमालानं स्वतःच तीस वर्षं मुलामुलींना रसायनशास्त्र शिकवलं. एका उन्हाळ्यात ट्रंक आवरताना पुड्या हाताला लागल्या. भाजलेल्या पुडीला किड्यांनी चाळणी केली होती. कच्चीला एक भोक नव्हतं. तिनं दोन्हींवर शाईनं नावं घातली, तारीख घातली, सुट्टी संपली की प्रयोगशाळेत न्यायच्या असं ठरवलं. सोलापूरहून नातेपुतं एका दिवसाच्या वाटेवर. पुड्या प्रयोगशाळेत गेल्या नाहीत, आणि ती नातेपुत्याला गेली नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं माझ्याकडून राहिलं ते राहिलंच, फुलाबाई.